मेंदूत रक्तस्राव झाल्यावर रुग्ण कितपत बरा होईल, हे कसे समजून घ्यावे आणि घरच्यांनी काय करावे

आयसीयूच्या दारात नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: "डॉक्टर, पेशंट वाचंल न्हवं?" प्रश्न साहजिक आहे, परंतु पहिल्या दिवशी त्याला 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर कोणताही प्रामाणिक डॉक्टर सहसा देऊ शकत नाही, आणि मग 'डॉक्टर काहीच धड सांगत नाहीत' अशी तक्रार करत सगळे पाव्हणे रुग्णालयाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर आपापले तर्क लढवत बसतात. डॉक्टरांजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते, मात्र ते बाहेर येण्यासाठी हा मोठा प्रश्न फोडून त्याचे लहान प्रश्न करावे लागतात: रक्तस्राव कोणत्या प्रकारचा आहे, मेंदूच्या कोणत्या भागात आहे, किती आहे, थांबला आहे की वाढतो आहे, आणि आज कितवा दिवस आहे. ही उत्तरे हाती आली की अंदाज बांधता येतो, आणि तो पुढे बदलूही शकतो हे ध्यानात येते. पुढील मजकूर कोल्हापूर जिल्ह्यातील ज्या घरावर 'ब्रेन हॅमरेज' हा शब्द अचानक येऊन आदळला आहे, त्या घरातील माणसांसाठी आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा तो घेऊ शकत नाही, त्यांच्याशी नीट बोलता यावे एवढाच त्याचा हेतू आहे.

पहिले काही तास

एका बाजूचा हात-पाय एकाएकी लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोलणे बोबडे होणे किंवा बंद पडणे, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी काही क्षणांत उसळणे, उलट्या होऊन शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही दिसले तर घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्ण शेवटचा धडधाकट कोणी आणि किती वाजता पाहिला, ही माहिती डॉक्टरांना हवी असते. शुद्ध कमी असेल तर रुग्णाला कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जात नाही. पाणी, साखर, कांद्याचा रस, काहीही तोंडात घालू नये.

गोळ्यांबाबत विशेष सावध राहावे. हृदयविकारासाठी घरात ठेवलेली ॲस्पिरिनची गोळी 'असू दे एक' म्हणून दिली जाते. परंतु मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाल्यामुळे येणारा पक्षाघात आणि ती फुटल्यामुळे येणारा पक्षाघात बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात. दोघांतील फरक सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्त पातळ करणारी गोळी दुसऱ्या प्रकारात घातक ठरू शकते. बीपीची गोळी जिभेखाली ठेवून दाब एकदम पाडणेही तितकेच धोक्याचे आहे. बोटांना सुई टोचून रक्त काढण्याचा जो उपाय मोबाइलवर फिरत असतो, त्यात फक्त वेळ जातो.

कुठे न्यावे, हा आपल्या जिल्ह्यात खरा कळीचा प्रश्न आहे. ज्या ठिकाणी रात्रीसुद्धा सीटी स्कॅन चालू असतो आणि मेंदूचे शल्यविशारद, म्हणजे न्यूरोसर्जन, उपलब्ध होऊ शकतात, तिथे थेट जावे. गावाजवळच्या लहान दवाखान्यात सलाइन लावून दोन तास वाट पाहायची आणि मग शहराकडे निघायचे, यात सर्वांत मोलाचा काळ हातचा जातो. याला अपवाद एकच: श्वास अडखळत असेल किंवा आकडीचे (फिटचे) झटके थांबत नसतील, तर वाटेतल्या पहिल्या रुग्णालयात श्वासमार्ग सुरक्षित करून घ्यावा आणि मग पुढे जावे. कोल्हापूर शहरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सीपीआर, हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले मोठे रुग्णालय आहे. खासगी आणि धर्मादाय रुग्णालयेही आहेत. चंदगड तालुक्यातील माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ पडते, त्यामुळे तिथल्या लोकांनी जिल्ह्याच्या हद्दीचा विचार करत बसू नये. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडून निघताना फोन करून स्कॅनचे यंत्र चालू आहे ना, याची खात्री करून घ्यावी. पावसाळ्यात पंचगंगेचे पाणी रस्त्यावर आले की नेहमीची वाट बंद असते, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर महामार्गसुद्धा बंद पडला होता; तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये कोणता रस्ता चालू आहे हे गाडी गावातून हलण्यापूर्वी विचारलेले बरे. निघताना जुन्या फायली आणि रोजच्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत टाकावीत. रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर हे पहिल्या वाक्यात सांगावे, कारण तिचा परिणाम उलटवण्याचे उपचार लगेच सुरू करावे लागतात.

कोणता रक्तस्राव, हे आधी विचारावे

'ब्रेन हॅमरेज' या एका नावाखाली निदान चार वेगळे आजार येतात आणि त्यांचे भवितव्य एकमेकांपासून फार वेगळे असते. शेजारच्या गल्लीतील कोणी पंधरा दिवसांत चालू लागला आणि आपला माणूस अजून डोळे उघडत नाही, अशी तुलना करण्यापूर्वी दोघांचा आजार एकच होता का, हे पाहावे.

पहिला प्रकार प्रत्यक्ष मेंदूच्या आत रक्त साचण्याचा. वर्षानुवर्षे वाढलेल्या रक्तदाबाने मेंदूच्या खोल भागातील बारीक धमन्या कमकुवत होतात आणि एखादी फुटते. उतारवयात धमन्यांच्या भिंतीत विशिष्ट प्रथिन साचून मेंदूच्या पृष्ठभागाजवळही असा रक्तस्राव होतो. पक्षाघाताच्या सर्व प्रकारांत हा सर्वांत गंभीर समजला जातो: जगभरातील अभ्यासांत पहिल्या महिन्याभरात सुमारे ४० टक्के रुग्ण दगावलेले दिसतात, आणि त्यांपैकी जवळपास निम्मे पहिल्या दोन दिवसांत. पुढे स्वतःची कामे स्वतः करण्याइतके सावरणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत १२ ते ३९ टक्के इतके आढळले आहे. हे आकडे वाचून धास्ती वाटणे स्वाभाविक आहे, परंतु त्यांत अगदी लहान आणि अगदी मोठे असे सगळे रक्तस्राव एकत्र मोजलेले आहेत, हे विसरू नये.

दुसरा प्रकार मेंदूच्या आवरणांखाली पसरणाऱ्या रक्ताचा. अपघात वगळता याचे मुख्य कारण म्हणजे रक्तवाहिनीवर आलेला फुगा फुटणे. यात फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असतो, म्हणून डोके उघडून क्लिप लावून किंवा मांडीतून अथवा मनगटातून नळी घालून आतून कॉइल, म्हणजे बारीक तारेची गुंडाळी, भरून तो लवकर बंद करतात. त्यानंतरही चौथ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसू शकतात. 'ऑपरेशन चांगले झाले, आठव्या दिवशी पुन्हा कसे बिघडले' या प्रश्नाचे उत्तर अनेकदा या आकसण्यात असते. याच कारणासाठी निमोडिपिन नावाचे औषध सामान्यतः २१ दिवस देतात. घरी सोडल्यावर त्याचा एकही डोस चुकवू नये.

तिसरा प्रकार वयस्कर माणसांचा, आणि त्याच्याबद्दल मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण तो ओळखला गेला तर बहुतेक वेळा बरा होतो. मोरीत पाय घसरून किंवा शेताच्या बांधावरून पडून डोक्याला किरकोळ मार लागतो, दोन दिवसांत सगळे विसरतात, आणि तीन-चार आठवड्यांनी आजोबा विसरल्यासारखे बोलू लागतात, चालताना एका बाजूला झुकतात, दिवसा झोपून राहतात. घरचे 'वय झालं' म्हणतात. प्रत्यक्षात कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त हळूहळू साचत गेलेले असते. कवटीला एक-दोन लहान छिद्रे पाडून ते काढले की अनेक रुग्ण काही दिवसांत पूर्ववत बोलू-चालू लागतात. काहींत ते पुन्हा साचते, म्हणून नंतरची तपासणी टाळू नये.

चौथा प्रकार मोटारसायकलवरून पडलेल्या तरुणांत दिसतो. कवटीच्या हाडाखालची धमनी फाटते, मुलगा उठून 'काय झालं नाही मला' म्हणतो, आणि काही तासांनी बेशुद्ध पडतो. शुद्धीचा हा मधला काळ फसवा असतो. वेळेत शस्त्रक्रिया झाल्यास यातील निष्पत्ती फार चांगली असते, उशीर झाल्यास जीव जातो. डोक्याला जोराचा मार लागलेल्या माणसाला म्हणूनच घरी आणून झोपवू नये.

डॉक्टरांशी बोलताना

पहिल्या प्रकाराचा, म्हणजे मेंदूच्या आतील रक्तस्रावाचा, अंदाज प्रामुख्याने पाच गोष्टींवर ठरतो. रुग्ण किती शुद्धीवर आहे, रक्त किती आहे, ते मेंदूतील पाण्याच्या पोकळ्यांत शिरले आहे का, रक्तस्राव मेंदूच्या वरच्या भागात आहे की खालच्या, आणि वय ८० च्या वर आहे का. २००१ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी या पाच गोष्टींवरून शून्य ते सहा गुणांची एक मोजपट्टी तयार केली आणि ती आजही वापरात आहे. त्या मूळ अभ्यासात शून्य गुणांचा एकही रुग्ण महिनाभरात दगावला नव्हता आणि पाच गुणांचा एकही वाचला नव्हता. गुण विचारण्यात काही गैर नाही. मात्र ती मोजपट्टी रुग्णांच्या समूहाची आहे, तुमच्या वडिलांची नाही, हे डॉक्टरही सांगतील आणि आपणही ध्यानात ठेवावे.

शुद्धीचे माप 'जीसीएस' या नावाने रोज फायलीत लिहिलेले असते. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण मिळतात. १३ ते १५ म्हणजे बऱ्यापैकी शुद्धीवर, ८ किंवा कमी म्हणजे गाढ बेशुद्धी. एका दिवसाच्या आकड्याने हुरळून किंवा खचून जाऊ नये. परवा ७ होता, काल ९ झाला, आज १० आहे, ही चढण महत्त्वाची. श्वासासाठी घशात नळी असताना बोलण्याचे गुण मोजता येत नाहीत आणि झोपेचे औषध चालू असताना हालचाल कमी दिसते, त्यामुळे 'औषध बंद केल्यावर किती होता' असे विचारावे.

रक्ताचे प्रमाण डॉक्टर स्कॅनवरून मिलिलिटरमध्ये काढतात. वर सांगितलेल्या मोजपट्टीत ३० मिलि ही सीमारेषा आहे, म्हणजे खोकल्याच्या औषधाबरोबर येणाऱ्या १० मिलिच्या टोपणाची जेमतेम तीन मापे; एवढेसे रक्त माणसाला असे कसे पाडते याचे आश्चर्य वाटते, परंतु बंद कवटीत फैलावायला जागा नसते. शिवाय जागेला प्रमाणाइतकेच महत्त्व आहे. मेंदूच्या देठात, जिथून श्वास आणि शुद्ध यांचे नियंत्रण होते, तिथे चमचाभर रक्तही प्राणघातक ठरते. मेंदूच्या पुढच्या भागात त्याहून कितीतरी अधिक रक्त असूनही माणूस शुद्धीवर राहू शकतो; त्याच्या स्वभावात आणि विचारशक्तीत मात्र बदल दिसतो. डाव्या बाजूच्या रक्तस्रावात अनेकांची वाचा जाते, उजव्या बाजूच्या रक्तस्रावात काही वेळा रुग्ण आपल्या डाव्या बाजूकडे लक्षच देत नाही, ताटातला डावीकडचा भात तसाच राहतो.

'गाठ विरघळायचं औषध द्या' ही मागणी प्रत्येक वॉर्डात ऐकू येते. असे औषध नाही. साचलेले रक्त शरीर स्वतःच काही आठवड्यांत शोषून घेते आणि स्कॅनवर पांढरी दिसणारी गाठ हळूहळू काळवंडत नाहीशी होते. पहिल्या काही तासांतील उपचारांचा हेतू वेगळा असतो: सुमारे एक तृतीयांश रुग्णांत सुरुवातीच्या काळात रक्तस्राव वाढतो, तो वाढू नये म्हणून वरचा रक्तदाब १४० च्या आसपास आणून स्थिर ठेवणे, साखर आणि ताप आटोक्यात ठेवणे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा परिणाम उलटवणे.

ऑपरेशन का करत नाहीत, किंवा का करतात, हाही गैरसमजांचा विषय आहे. खोल भागातील गाठ काढायची तर वरच्या चांगल्या मेंदूतून वाट करावी लागते, आणि अशा सरसकट शस्त्रक्रियेने निष्पत्ती सुधारत नाही असे मोठ्या चाचण्यांत दिसले आहे. लहान मेंदूत, म्हणजे डोक्याच्या मागच्या खालच्या बाजूस, मोठी गाठ झाली असेल तर मात्र शस्त्रक्रिया जीव वाचवते आणि तिथे घरच्यांनी संमतीसाठी गावाकडच्या काकांची वाट पाहत बसू नये. पोकळ्यांत रक्त शिरून पाणी तुंबले असेल तर बाहेरून नळी घालून ते काढतात. सूज फार असल्यास कवटीचा तुकडा काढून ठेवतात, काही वेळा तो रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली जपतात आणि काही महिन्यांनी परत बसवतात. तोपर्यंत त्या बाजूला मार लागू द्यायचा नाही आणि त्या कुशीवर झोपवायचे नाही.

घाईने ठरवू नये

पहिल्या दिवशी 'काही उपयोग नाही, घरी घेऊन जा' असे कोणी म्हटले, मग ते पाव्हण्यांपैकी असोत की आणखी कोणी, तर थोडे थांबावे. अमेरिकेतील पक्षाघाताच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत असे स्पष्ट म्हटले आहे की ज्यांनी आधी तशी इच्छा नोंदवलेली नाही, त्यांच्याबाबत जीवरक्षक उपचार थांबवण्याचा निर्णय निदान दाखल झाल्याच्या दुसऱ्या पूर्ण दिवसापर्यंत पुढे ढकलणे योग्य. कारण सरळ आहे: वाचणार नाही असे गृहीत धरून उपचार सैल केले की रुग्ण वाचत नाही, आणि मग गृहीतक खरे होते.

याचा अर्थ आशा संपली आहे असे कधीच म्हणू नये, असा मात्र होत नाही. दोन्ही बाहुल्या मोठ्या होऊन प्रकाशाला प्रतिसाद देत नसतील, श्वास पूर्णपणे यंत्रावर असेल आणि सूज हटवूनही काही दिवसांत काहीच हालचाल दिसत नसेल, तर अनुभवी डॉक्टर जे सांगतात ते ऐकून घेणे भाग असते. कोमा आणि मेंदूमृत्यू या दोन वेगळ्या अवस्था आहेत. कोमातून माणूस परत येऊ शकतो. मेंदूमृत्यूतून येत नाही, आणि आपल्या कायद्यानुसार अवयवदानासाठी तो घोषित करताना डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते.

दरम्यान घरातील एकाच व्यक्तीने डॉक्टरांशी बोलावे आणि तिने वहीत तारीखवार नोंद ठेवावी. पाच जणांनी पाच डॉक्टरांना विचारले की पाच उत्तरे मिळतात आणि भावकीत भांडणे लागतात. वहीत चार ओळी पुरतात: आजचा जीसीएस, आजचा रक्तदाब, आज नवीन काय झाले, उद्या काय करणार.

दुसरा आठवडा

गाठीभोवतीची सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत झपाट्याने वाढते आणि पुढे आठवडा-दोन आठवडे राहू शकते, म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी रुग्ण अधिक झोपाळू दिसला तर तो डॉक्टरांच्या निष्काळजीपणाचा पुरावा ठरत नाही. या टप्प्यावर जीव घेणाऱ्या गोष्टी पुष्कळदा मेंदूबाहेरच्या असतात: छातीत कफ साचून न्यूमोनिया, लघवीच्या नळीचा संसर्ग, पायात रक्ताच्या गुठळ्या, पाठीला जखमा. घशातील नळी बरेच दिवस ठेवावी लागली की गळ्याला छिद्र करून छोटी नळी बसवण्याचा सल्ला देतात. त्याची फार भीती बाळगली जाते, 'गळा कापला म्हणजे संपलं' असे लोक म्हणतात. वास्तविक त्यामुळे कफ काढणे आणि यंत्र सोडवणे सोपे होते, आणि रुग्ण सुधारल्यावर ती नळी काढल्यास छिद्र बहुतेक वेळा आपोआप बुजते.

घरी आणल्यावर

सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो, सहा महिन्यांपर्यंत तो ठळकपणे जाणवतो आणि त्यानंतरही, विशेषतः बोलण्यात, वर्ष-दीड वर्ष भर पडत राहते. यात एक दिलासा आहे: गुठळीच्या पक्षाघातात मेंदूचा भाग मरतो, तर रक्तस्रावात काही भाग नुसता दाबलेला असतो आणि रक्त शोषले गेल्यावर तो पुन्हा काम करू शकतो, त्यामुळे सुरुवातीला फार वाईट दिसणारा रुग्ण काही वेळा अपेक्षेपेक्षा अधिक सावरतो. पाय सहसा हाताच्या आधी येतो. बोटे उघडण्याची हालचाल लवकर दिसू लागली तर हात कामाचा होण्याची शक्यता चांगली.

सर्वांत मोठी चूक जेवणात होते. गिळण्याचे स्नायू कमजोर असताना पातळ पदार्थ घट्ट पदार्थांपेक्षा जास्त धोक्याचे असतात, हे आपल्याकडे कोणाला सांगून पटत नाही. 'ताकद येईल' म्हणून पाव्हणे पायाचे सूप आणि पांढरा रस्सा डब्यातून आणतात आणि प्रेमाने दोन घोट पाजतात. ते घोट ठसका न लागतासुद्धा फुफ्फुसात उतरू शकतात आणि तीन दिवसांनी ताप येतो. अन्नासाठी नाकातून पोटात घातलेली नळी काढण्यापूर्वी गिळण्याची तपासणी करून घ्यावी. तोंडाने द्यायची परवानगी मिळाल्यावर रुग्णाला पूर्ण ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली ठेवावी, मऊ गुरगुट्या भात, घट्ट खिमट, कुस्करलेले केळे अशा पदार्थांपासून सुरुवात करावी, एक घास पूर्ण गिळल्यावरच दुसरा द्यावा आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. आवाज ओलसर, घोगरा येऊ लागला तर थांबावे.

अंथरुणावरील रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी, रात्रीसुद्धा. लुळ्या हाताला धरून ओढून उठवू नये. खांद्याचा सांधा त्यामुळे निखळतो आणि पुढे महिनोन्महिने दुखतो. काठी चांगल्या हातात द्यावी. जुन्या घरांत संडास अंगणापलीकडे आणि भारतीय पद्धतीचा असतो, त्यासाठी बसायची कमोड खुर्ची भाड्यानेही मिळते. माडीवरची खोली रुग्णाला देऊ नये. फिजिओथेरपिस्ट रोज येणे परवडत नसेल तर आठवड्यातून एक-दोनदा बोलावून व्यायाम शिकून घ्यावेत आणि घरच्यांनी दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे करवून घ्यावेत. मालिश करणाऱ्यावर महिन्याला हजारो रुपये घालवण्यापेक्षा रुग्णाला स्वतः ताट उचलायला, शर्टाची बटणे लावायला, दारापर्यंत चालायला लावणे अधिक फळते, कारण मेंदू स्वतः केलेल्या कृतीतून शिकतो. 'वारं गेलेल्याचं औषध' देणारी ठिकाणे आणि कबुतराच्या रक्ताची मालिश यांबद्दल एवढेच सांगावेसे वाटते की तिथे गेलेले रुग्ण बरे झाले असे जे सांगतात, त्यांतील बहुतेकांची सुधारणा वर सांगितलेल्या पहिल्या तीन महिन्यांतली असते.

वाचा गेलेल्या माणसाला समजत नाही असे गृहीत धरून त्याच्यासमोर शेताच्या वाटण्यांची चर्चा करू नये. अनेकांना सगळे समजत असते. लहान वाक्ये बोलावीत, 'हो-नाही' ने उत्तर देता येईल असे विचारावे, थांबावे. कारण नसताना रडू किंवा हसू येणे हा आजाराचा भाग असू शकतो. मात्र दोन-तीन आठवडे माणूस उदास आहे, जेवत नाही, व्यायाम नको म्हणतो, तर नैराश्य असण्याचा संभव आहे आणि त्यावर औषध आहे. झटका आला तर तोंडात चमचा घालू नये, कुशीवर वळवून वेळ मोजावी. पाच मिनिटांत न थांबल्यास १०८. झटके आलेल्या रुग्णाने डॉक्टर सांगेपर्यंत गाडी चालवू नये, विहिरीवर किंवा उसाच्या चरकाजवळ एकटे काम करू नये.

खर्च

दाखल झाल्याच्या दिवशीच रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला, भेटावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, परंतु रुग्णालय योजनेत असावे लागते आणि उपचार यादीत बसावा लागतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवावे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखलेल्या असतात, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. बिल झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा हे आधी विचारावे. अपंगत्व कायम राहील असे दिसले तर स्थिती स्थिरावल्यावर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

पुन्हा होऊ नये म्हणून

रक्तदाबामुळे झालेल्या रक्तस्रावात पुढची सर्व मदार गोळ्यांवर आहे. 'गोळ्यांची सवय लागते', 'आता बीपी नॉर्मल आहे मग कशाला' या दोन वाक्यांनी आपल्याकडे जितके नुकसान केले आहे, तितके क्वचित कशाने केले असेल. बीपी नॉर्मल आहे तो गोळीमुळेच. साधारण लक्ष्य १३०/८० च्या खाली असते. घरी यंत्र घेऊन सकाळ-संध्याकाळ बसून मोजावे आणि वहीत लिहावे. दाब चांगला ताब्यात राहिला तर पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका निम्म्याच्या आसपास कमी होतो. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, आणि त्यात खर्डा, लोणचे, पापड, भडंग, फरसाण यांतील मीठही मोजावे लागते. तंबाखू, मिश्री आणि दारू पूर्ण बंद.

घरी सोडताना तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: पुढचा स्कॅन केव्हा, रक्तस्रावाचे कारण नक्की झाले आहे की रक्तवाहिन्यांची तपासणी अजून व्हायची आहे, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीचे काय. हृदयाची झडप बदललेल्या किंवा अनियमित ठोक्यांच्या रुग्णाला ती गोळी पुन्हा लागू शकते, पण केव्हा सुरू करायची हे न्यूरोसर्जन आणि हृदयविकारतज्ज्ञ यांनी मिळून ठरवायचे असते. तोपर्यंत जुनी चिठ्ठी दाखवून ती मेडिकलमधून परस्पर आणू नये.